पूर्वतयारीचा वर्ग

पुण्यास शिकावयास येणारा परदेशी विद्यार्थी इंग्रजी शिकण्याकरिता येत नाही. औषधनिर्माणशास्त्र, वाणिज्य, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र असे काही शिकावे या उद्देशाने तो येतो. इंग्रजी ही त्याच्या लेखी वाटेवर भरावी लागणारी एक जकात असते, आणि ती शक्य तितक्या लवकर चुकती करून पुढे सरकावे असे त्यास वाटत असल्यास त्यात त्याचा काही दोष नाही. अशा विद्यार्थ्यांकरिता पदवीच्या अभ्यासक्रमापूर्वी काही महिने जो इंग्रजीचा वर्ग चालतो, त्याची आमच्या महाविद्यालयाच्या दप्तरी ‘पूर्वतयारीचा वर्ग’ अशी नोंद आहे, आणि माझ्या अध्यापकीय आयुष्यातील बहुतेक वर्षे याच वर्गाच्या फळ्यासमोर गेली. तयारी करून घ्यावयाची ती नेमकी कशाची, हे मात्र त्या दप्तरात कोठेच नमूद नव्हते. आणि विलायतेहून छापून येणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी त्याचे जे उत्तर दिले होते, ते लीड्स किंवा मेलबर्न येथे कितीही खरे असले तरी पुण्यात लागू पडत नव्हते.

हा विद्यार्थी पुण्यास का येतो, याची कारणे उदात्त नाहीत, व्यवहारी आहेत. पाश्चात्त्य देशांच्या मानाने येथील शुल्क परवडते, अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे, आणि आधी आलेला एखादा मामेभाऊ किंवा गाववाला कोंढव्यात खोली घेऊन राहिलेला असतो. १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येणारे निराळे. त्यांचा कागदोपत्री जामानिमा अधिक चोख असतो, एवढेच. या विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाची दखल या शहराने अगदीच घेतली नाही असे नव्हे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना, कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्यास एक मुलगी खिडकीतून जेवण देत असल्याचे डॉ. शां. ब. मुजुमदार यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यातून पुढे १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली, ही हकीकत पुण्यात सर्वश्रुत आहे. परंतु खिडकीतून जेवण देता येते, व्याख्यान देता येत नाही. वर्गात बसून न समजणाऱ्या मुलाचे दुखणे तापासारखे कपाळावर हात ठेवून कळत नाही. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी इराणी विद्यार्थ्यांचा काळ पाहिला होता, जो १९७९च्या क्रांतीच्या आगेमागे फार गजबजलेला होता. माझ्या वाट्याला येमेन, सुदान, इराक, अफगाणिस्तान येथील मुले अधिक आली, आणि अलीकडे आफ्रिका खंडातील निरनिराळ्या देशांची.

यांतील पुष्कळांजवळ इंग्रजीच्या एखाद्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे गुणपत्रक असते. टोफेल १९६४ पासून चालत आलेली, आयल्ट्स १९८९ पासूनची. दोन्ही परीक्षा आपापल्या परीने प्रामाणिक आहेत, याविषयी माझा वाद नाही. आयल्ट्सच्या श्रवणपरीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवितात, त्यात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे तऱ्हेतऱ्हेचे उच्चार असतात. सातारा, त्रिशूर किंवा सोलापूर येथील उच्चार मात्र त्यात नसतो. परिणामी ज्या मुलाने चित्रपट पाहून आणि गाणी ऐकून आपले इंग्रजी इतके सराईत केलेले असते की प्रवेशाच्या मुलाखतीत प्राचार्यांसही क्षणभर दबून जावे, तोच मुलगा पहिल्या आठवड्यात वर्गातून बाहेर येतो तो गोंधळलेल्या चेहऱ्याने. त्याच्या कानाला सवय असते ती अशा इंग्रजीची की ज्यात एका अक्षरावर आघात देऊन बाकीची अक्षरे गिळून टाकावयाची असतात. आमचा प्राध्यापक प्रत्येक अक्षराला समान न्याय देतो. वास्तविक हे स्पष्ट, सुटे, न्यायी इंग्रजी अधिक सुगम वाटावयास हवे. पण आघात हुडकीत बसलेल्या कानाला तो कोठेच सापडत नाही, आणि शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला याचाच पत्ता लागेनासा होतो.

ताइझ येथून आलेल्या एका येमेनी मुलाची वही मला आठवते. रसायनशास्त्राच्या व्याख्यानाची टिपणे त्याने मोठ्या निष्ठेने उतरवून घेतली होती, समीकरणे बिनचूक होती, आणि एका पानावर चार-पाच ठिकाणी ‘बरका’ असा एक शब्द रोमन लिपीत लिहून त्याखाली रेघ ओढलेली होती. हे कोणते संयुग आहे, असे त्याने मला फार गंभीरपणे विचारले. ग्रंथालयातील दोन कोश व पाठ्यपुस्तकाची सूची पाहूनही ते त्यास आढळले नव्हते. आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक दर तिसऱ्या वाक्याच्या शेवटी ‘बरं का’ म्हणत असत, आणि ते इंग्रजीतून शिकवीत असतानाही त्यांच्या या सवयीत खंड पडत नसे. मुलाने ते महत्त्वाचे म्हणून अधोरेखित केले होते हे एका परीने योग्यच होते, कारण सरांच्या आवाजाचा भर तेथेच येत असे.

तेव्हापासून मी विलायती ध्वनिफिती कपाटात ठेवून दिल्या आणि सहकाऱ्यांची व्याख्याने मुद्रित करू लागले. प्रथम एका अवजड टेपरेकॉर्डरवर, पुढे मोबाइलवर. त्यांची परवानगी मिळविणे हे नाजूक काम होते. काहींस वाटले, ही बाई आपल्या उच्चारांची तपासणी करणार. काहींनी त्या दिवसापुरते इतके घासूनपुसून इंग्रजी बोलून दाखविले की ते ध्वनिमुद्रण निरुपयोगी ठरले. पण हळूहळू संग्रह जमला. त्यात केरळचे गणिताचे अध्यापक आले, विदर्भातील अर्थशास्त्राच्या बाई आल्या, आणि फळ्याकडे तोंड करून, खडूच्या आवाजात आपला आवाज मिसळून बोलणारे एक संख्याशास्त्रज्ञही आले. पाच-दहा मिनिटांचा तुकडा ऐकावयाचा, कोठे विषय बदलला ते हात वर करून सांगावयाचे, ‘सो व्हॉट हॅपन्स इज’ म्हटल्यावर आता व्याख्या येणार की उदाहरण, याचा अंदाज बांधावयाचा, आणि मराठीचा जो शब्द मध्येच डोकावेल तो बिनधास्त सोडून द्यावयाचा, असा तो तास असे. इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नसलेल्या खोलीत बसण्याची ही तालीम होती, आणि माझ्या मते या शहरापुरती तीच खरी पूर्वतयारी.

लेखनाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. अरबी आणि फारसी लिपी उजवीकडून डावीकडे जाते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु ज्याचा हात पंधरा वर्षे त्या दिशेने चाललेला आहे, तो तीन तासांच्या परीक्षेत रोमन लिपीत सोळा पाने लिहू लागला म्हणजे काय होते, हे जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. कित्येक मुले नवी वही उलट्या बाजूने उघडतात, आणि दुसऱ्याच मिनिटास स्वतःशीच हसून ती फिरवून घेतात. मनगट शब्दामागून जावे तसे न जाता शब्दावर थांबते. प्रत्येक अक्षर जणू स्वतंत्रपणे खोदले जाते. तासाभरात तर्जनीवर वळ उठतो. अशा मुलास प्रबंधलेखनाची तत्त्वे सांगण्याआधी रोज पानभर नुसते उतरवून काढावयास लावणे हा उपाय मला कोणत्याही ग्रंथात आढळला नाही, पण त्याने गुण आला. वाचनातही लिपीची सवय मागे रेंगाळते. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, व्यंजनांच्या सांगाड्यावरून शब्द ओळखावयाचा असतो. त्यामुळे घाईने वाचताना ‘प्रॉडक्ट’ आणि ‘प्रिडिक्ट’ यांची अदलाबदल होते, आणि अर्थशास्त्राच्या उताऱ्यात या दोहोंची अदलाबदल झाली म्हणजे पुढील संबंध परिच्छेद वाया जातो. फारसीभाषक मुलांची अडचण वेगळी. त्यांच्या सर्वनामांस लिंग नाही. सावित्रीबाई फुले यांच्यावर लिहिलेल्या एका सुंदर निबंधात त्या तीन वेळा ‘ही’ आणि दोन वेळा ‘शी’ झाल्या होत्या. मला त्याचे फार वाईट वाटत नाही. ‘व्हेरी’ आणि ‘वेअरी’ यांत भेद न करणाऱ्या आम्ही मराठी माणसांनी कोणत्या तोंडाने हसावे?

निबंधाच्या रचनेविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे पुस्तकी विद्येशी माझा तंटा आहे. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९६६ साली एका लेखात निरनिराळ्या भाषासमूहांच्या परिच्छेदरचनेच्या आकृत्या काढून दाखविल्या: इंग्रजी म्हणजे सरळ खाली येणारी रेघ, पौर्वात्य म्हणजे आत आत वळत जाणारे वर्तुळ, आणि अशाच इतरांच्या. पुढे त्यांनी स्वतःच आपले हे म्हणणे बरेच सौम्य केले. पण त्या आकृत्या प्रशिक्षणवर्गांतून अजून फिरतात. माझ्या वर्गातील सुदानी मुलगा विषयापूर्वी परमेश्वराचे स्मरण करतो, व्हिएतनामी मुलगी आपले मत सांगण्याआधी वडीलधाऱ्यांची तीन मते सांगते, हे खरेच आहे. परंतु आमच्याकडील पदवीपरीक्षेच्या उत्तरपत्रिका ज्याने तपासल्या आहेत, त्याला ठाऊक आहे की ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्यावाचून बँकिंगवरील उत्तरही सुरू होत नाही. ज्या सरळ रेघेवर यांना चालावयास शिकवावयाचे, त्या रेघेवर आम्ही तरी कोठे चालतो?

आणि खरी पंचाईत याच्याही पुढे आहे. नव्या पद्धतीची पाठ्यपुस्तके सांगतात की विद्यार्थ्यास चिकित्सक बनवा, त्यास शिक्षकाशी मतभेद करू द्या, दुसऱ्याचे वाक्य घेतल्यास त्याचे नाव नमूद करावयास लावा. यांतील शेवटची गोष्ट मी कसोशीने शिकविते. ज्या मुलाने लहानपणी कुराण मुखोद्गत केले आहे, त्याच्या दृष्टीने थोरांचे शब्द जसेच्या तसे म्हणणे ही चोरी नसून आदर आहे, आणि त्याला एकदम चोर ठरविणारा अध्यापक मला उद्धट वाटतो. पुरेसा वेळ दिला की ती मुले अवतरणचिन्हांची शिस्त आमच्या मुलांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. पण चिकित्सेचे काय करावयाचे? सत्राअखेर समोर येणारी प्रश्नपत्रिका विचारते: फायदे सांगा, तोटे सांगा, टीपा लिहा, कोणतेही चार. तेथे मतभेदास गुण नाहीत. एका सुदानी मुलाने अर्थशास्त्राच्या पत्रिकेत पाठ्यपुस्तकातील एका विधानाचे सकारण खंडन केले, आणि त्यास त्या प्रश्नात वीसपैकी चार गुण मिळाले. खंडन चांगले होते, मी ते वाचले आहे. त्यानंतर मी वर्गात दोन्ही गोष्टी शिकवू लागले, आणि त्या दोन आहेत हे लपविले नाही. चर्चेच्या तासाला वाद घालावा, परीक्षेच्या तासाला मुद्दे क्रमवार मांडावेत, आणि स्वतःचे मत असल्यास ते शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, नम्रपणे. यास कोणी तडजोड म्हणेल. ज्या दारातून त्यांना आत जावयाचे आहे त्या दाराची उंची मी त्यांना सांगते, एवढेच मी याचे समर्थन करू शकते.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास व आसपासच्या शाळांतून इंग्रजी शिकविण्याचा जो प्रयोग केला, त्याचा उपयोग मला अनपेक्षित ठिकाणी झाला. व्याकरणाचे पाठ बाजूस ठेवून मुलांपुढे आगगाडीच्या वेळापत्रकासारखा एखादा उलगडावयाचा प्रश्न ठेवावा, भाषा त्या ओघात येते, असा त्यांचा विश्वास होता. मी वेळापत्रकाऐवजी सरकारी नमुने ठेवले. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याने आगमनापासून चौदा दिवसांच्या आत आपली नोंदणी केली पाहिजे, असा नियम आहे, आणि माझ्या वर्गातील मुलांस याहून अधिक तातडीचा इंग्रजी मजकूर दुसरा कोणता असणार? शिवाय या नमुन्यांत आडनाव लिहावयाची चौकट असते, आणि कित्येक अफगाण मुलांच्या पारपत्रावर नाव एकच असते. एकच नाव पारपत्रावर एका वर्णलेखनाने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि प्रवेशपत्रावर तिसऱ्या. एका इथिओपियन विद्यार्थ्याच्या पारपत्रावर जन्मसाल १९९८ आणि शाळेच्या दाखल्यावर उत्तीर्णतेचे साल २००८ होते. म्हणजे या मुलाने वयाच्या दहाव्या वर्षी शाळा संपविली काय, असा शेरा मारून आमच्या कचेरीने त्याचे प्रकरण तहकूब ठेवले. इथिओपियाची कालगणना आपल्या प्रचलित सनाहून सात-आठ वर्षे मागे चालते, हे त्या मुलाने स्वतःच्या इंग्रजीत, स्वतःच्या हस्ताक्षरात, पाऊण पानाच्या अर्जात मांडले, त्याखाली दोन्ही सालांचा तक्ता जोडला, आणि प्रकरण मंजूर झाले. तो अर्ज मी पुढे कितीतरी तुकड्यांना नमुना म्हणून वाचून दाखविला.

अर्जाची भाषा मी जाणूनबुजून इकडचीच शिकविते. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’, ‘आय बेग टू स्टेट’, ‘काइंडली डू द नीडफुल’ ही वाक्ये ऐकून लंडनचा अध्यापक कानांवर हात ठेवील; परंतु आमच्याकडील टेबलावर कागद ज्या हातांतून जातो, त्या हातांना हीच वाक्ये ओळखीची आहेत, आणि विलायती पद्धतीने मोकळेपणे लिहिलेले पत्र तेथे उर्मट ठरून तळाशी जाते. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले, तेव्हा महामारीमुळे माझा वर्ग पडद्यावरच भरत होता, आणि ज्यांची मुदत संपत आली होती अशा पुण्यातील अफगाण मुलांना मुदतवाढीचे अर्ज लिहावयाचे होते. घरी परत का जाता येत नाही, याचे कारण त्या साच्यात बसवून, न रडता, न भांडता, तारीखवार लिहावयाचे होते. मी त्यांच्या मसुद्यांत फारसा बदल केला नाही. एका मुलीने फक्त विचारले, ‘मॅडम, काइंडली एकदाच लिहू की दोनदा?’ एकदाच लिही, असे मी तिला सांगितले.

आता उरली गोष्ट आमच्याच लोकांची. विद्यार्थ्यास व्याख्यात्याकरिता तयार करावयाचे, तर व्याख्यात्यानेही विद्यार्थ्याकरिता थोडे तयार व्हावे, अशी माझी धारणा होत गेली, आणि मी सहकाऱ्यांसाठी एक दुपार मागून घेतली. मागण्या किरकोळ होत्या: तासाच्या आरंभी विषयाचे शीर्षक फळ्यावर लिहावे, परिभाषेतील शब्द उच्चारल्यावर तो लिहूनही दाखवावा, बोलताना फळ्याकडे नव्हे, वर्गाकडे पाहावे. आले ते थोडे, आणि त्यांतही चहापर्यंत थांबलेले त्याहून थोडे. एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी मात्र जे ऐकविले ते मला खोडता आले नाही. ‘बाई, तुमच्या पंधरा परदेशी मुलांसाठी हे सर्व करायचं, माझ्या वर्गात बीड-उस्मानाबादेकडून आलेली साठ मुलं बारावीपर्यंत मराठीत शिकून बसली आहेत, त्यांना कोणती पूर्वतयारी दिलीत?’

त्यांनी रागाने विचारले होते, पण पुढील सत्रापासून त्यांनीच आपल्या वर्गातील चार मुले माझ्याकडे धाडली. ती मागच्या बाकावर संकोचून बसली. काही दिवसांतच त्यांचा आणि परदेशी मुलांचा असा काही देवघेवीचा संबंध जुळला की मला मध्ये पडावे लागेनासे झाले. बीडच्या मुलास प्राध्यापकांचा प्रत्येक शब्द ऐकू येई, कारण तो उच्चार त्याच्या घरचाच होता. परंतु उठून बोलावयाचे म्हटले की त्याची जीभ टाळ्यास चिकटे. सुदानच्या मुलास बोलण्यात कसलाही संकोच नव्हता. ऐकलेले मात्र निम्मे निसटे. ध्वनिमुद्रण लागले की एकाने शब्द सांगावयाचा, दुसऱ्याने त्याचे वाक्य करावयाचे, अशी वाटणी त्यांनी आपापसांत करून टाकली, आणि ‘बरं का’ कोठे गाळावयाचे हे परदेशी मुलांना आता मला सांगावे लागत नसे.

अडचण आली ती हजेरीपटावर. हा वर्ग परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून चालतो, सबब शुल्क न भरलेल्या मुलांची नावे पटावर घेता येणार नाहीत, आणि पटावर नाव नसलेल्या इसमास वर्गात बसू देता येणार नाही, असा कचेरीचा लेखी खुलासा आला. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता. हेडक्लार्क मोठे कायदेपंडित, पण मनाने वाईट नव्हते. दोन दिवस त्यांनी जुने हुकूम चाळले, आणि अखेर ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासाठी वर्गास ‘बिनपगारी साहाय्यक’ नेमण्याची एक जुनी तरतूद त्यांच्या हाती लागली. यंत्र केव्हाच मोडीत निघाले होते, पण जडसंग्रहाच्या वहीतून ते अद्याप कमी झालेले नव्हते. त्या वर्षापासून आमच्या पूर्वतयारीच्या वर्गात एका टेपरेकॉर्डरसाठी चार साहाय्यक आहेत, आणि पुढील वर्षी ते सहा करावेत अशी माझी मागणी मंजुरीसाठी वर गेली आहे.